पाय नसलेली पेशी चालते कशी?

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी माणसाच्या रक्ताचं सूक्ष्मदर्शकातून १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रण केलं. ती फिल्म आज इंटरनेटवर सहज सापडते. तांबड्या पेशींच्या गर्दीतून एक पांढरी पेशी स्टॅफिलोकॉकस जीवाणूंच्या मागे लागलेली दिसते. जीवाणू डावीकडे सरकला की ती डावीकडे वळते, तो उजवीकडे गेला की तीही तिकडे. वाटेतल्या तांबड्या पेशींना ती बाजूला ढकलते, अंग चोळत त्यांच्यामधून निघते आणि शेवटी जीवाणूला गिळते. हा जीवाणू स्वतः पोहू शकत नाही, द्रवातल्या धक्क्यांनी तो इकडेतिकडे होत असतो. पांढरी पेशी मात्र खरोखर चालत असते.

ही पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. जखम झाली, काटा रुतला, गळू झालं की तिथे सगळ्यात आधी पोचणारी, आणि पू ज्या मेलेल्या पेशींचा बनतो त्यातली मुख्य. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. एकीचा व्यास साधारण १२ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा थोडा जास्त. चालीचा वेग मिनिटाला सुमारे १० मायक्रोमीटर. मिनिटाला स्वतःच्या अंगाएवढं अंतर, असं म्हणता येईल. तिला पाय नाहीत, स्नायू नाहीत, मेंदू नाही. तरीही ती दिशा धरते, ढकलते, पकड घेते आणि मागचं अंग ओढून घेते. हे सगळं करणारी यंत्रणा म्हणजे पेशीचा सांगाडा.

सांगाडा म्हटलं की डोळ्यांसमोर हाडं येतात, एकदा घडली की वर्षानुवर्षं टिकणारी. पेशीचा सांगाडा प्रथिनांच्या तंतूंचा असतो. चालणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला तयार झालेला तंतू बहुधा मिनिटभरात मोडून त्याचे तुकडे पुन्हा वापरायला गेलेले असतात. पेशी चालते ती याच घडण्या-मोडण्यामुळे. सांगाडा आधी आणि हालचाल नंतर, असं तिथे होत नाही. पुढे बांधकाम, मागे मोडतोड आणि माल पुन्हा पुढे, हे अखंड चालू राहणं हीच पेशीची चाल. या लेखातून एकच गोष्ट लक्षात राहिली तर ती ही राहावी असं मला वाटतं, कारण बाकीचे तपशील याच धाग्यात ओवता येतात.

पेशीत तीन जातींचे तंतू असतात. सर्वांत बारीक अ‍ॅक्टिनचे, जाडी सुमारे ७ नॅनोमीटर. सर्वांत जाड मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या पोकळ नळ्या, व्यास सुमारे २५ नॅनोमीटर. दोघांच्या मधले, सुमारे १० नॅनोमीटरचे, तिसऱ्या जातीचे तंतू पेशीला ताण सोसायचं बळ देतात. आपल्या त्वचेतलं आणि केसांतलं केराटिन त्याच कुळातलं. रांगत चालण्याचं मुख्य काम अ‍ॅक्टिनचं, म्हणून आपणही त्याच्याचपाशी थांबू.

अ‍ॅक्टिन सापडलं स्नायूत. दुसरं महायुद्ध चालू होतं. हंगेरीतल्या सेगेड शहरात अल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो श्ट्राउब यांनी १९४२ मध्ये ते स्नायूतून वेगळं केलं. स्नायू आकुंचन पावतो तो अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांच्या जोडीमुळे, हे तिथे उलगडत गेलं. पुढे कळलं की अ‍ॅक्टिन फक्त स्नायूंचं नाही. ते अमीबात आहे, बुरशीत आहे, झाडांत आहे, आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. यीस्टचं अ‍ॅक्टिन आणि माणसाचं अ‍ॅक्टिन यांची रचना ८५ टक्क्यांहून जास्त जुळते. इतक्या प्रचंड काळात उत्क्रांतीने या प्रथिनाला फारसा हात लावलेला नाही. त्यात थोडा जरी बदल झाला तरी पेशीचं फार काही बिघडतं, याची ही खूण आहे.

अ‍ॅक्टिनचा एक रेणू ३७५ अमिनो आम्लांचा, गोळीसारखा. अशा गोळ्या एकमेकींना चिकटून दोन पदरी पिळाचा तंतू बनतो. प्रत्येक नवी गोळी तंतूची लांबी सुमारे २.७ नॅनोमीटरने वाढवते. सगळ्या गोळ्या एकाच दिशेला तोंड करून बसतात, म्हणून तंतूची दोन टोकं सारखी नसतात. एका टोकाला गोळ्या झपाट्याने जोडल्या जातात, दुसऱ्याला सावकाश. पहिल्याला आपण वाढतं टोक म्हणू, दुसऱ्याला झडतं टोक.

आता यातली खरी युक्ती. प्रत्येक गोळीच्या पोटात एटीपीचा एक रेणू असतो. एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन. गोळी तंतूत बसताना तिच्यात एटीपी असतो. बसल्यावर काही वेळाने त्याचं विघटन होऊन एडीपी उरतो आणि त्या गोळीची शेजारणींवरची पकड सैल होते. म्हणजे तंतूच्या प्रत्येक भागावर वयाचा शिक्काच बसलेला असतो. वाढत्या टोकाकडचा भाग ताजा आणि घट्ट, झडत्या टोकाकडचा जुना आणि सैल. पेशीत सुट्या गोळ्यांचं प्रमाण योग्य असलं की तंतू एका टोकाला वाढत राहतो, दुसऱ्या टोकाला तेवढाच झडत राहतो. लांबी तीच राहते, पण तंतू पुढे सरकलेला असतो, आणि त्यातली एकही गोळी जागची हललेली नसते.

परीक्षानळीत नुसतं शुद्ध अ‍ॅक्टिन घेतलं तर हे सरकणं इतकं मंद होतं की न्यूट्रोफिलच्या वेगाच्या शंभराव्या हिश्शालाही ते पोचत नाही. पेशीने त्यासाठी मदतनीस प्रथिनं ठेवली आहेत. कोफिलिन जुना, एडीपीवाला भाग ओळखतं आणि तिथे तंतूचे तुकडे पाडतं. प्रोफिलिन सुट्या गोळीतला एडीपी काढून नवा एटीपी भरायला मदत करतं आणि तिला वाढत्या टोकाकडे नेतं. टोपी घालणारं एक प्रथिन पेशीच्या पटलापासून, म्हणजे तिच्याभोवतीच्या पातळ आवरणापासून, मागे पडलेल्या तंतूंची वाढती टोकं बंद करतं, म्हणजे माल भलतीकडे वाया जात नाही आणि जे तंतू नेमके पुढच्या कडेला आहेत त्यांनाच मिळतो.

पण तंतू वाढला म्हणून पेशीचं पटल पुढे ढकललं कसं जातं? गोळी जोडायला टोकासमोर मोकळी जागा हवी, आणि तिथे तर पटल टेकलेलं आहे. चार्ल्स पेस्किन, गॅरेट ओडेल आणि जॉर्ज ऑस्टर यांनी १९९३ मध्ये यावर दिलेलं उत्तर मला विज्ञानातल्या सुंदर उत्तरांपैकी एक वाटतं. उष्णतेमुळे या पातळीवर सगळंच सतत थरथरत असतं. पटल क्षणभर थोडं पुढे सरतं, फट पडते. पटल मागे यायच्या आत एखादी गोळी त्या फटीत बसली की त्याची परतीची वाट बंद. मग पुन्हा थरथर, पुन्हा फट, पुन्हा गोळी. पुढे या मांडणीत सुधारणा झाली. केवळ पटल नव्हे, तंतूही वाकून थरथरतात हे त्यात धरलं गेलं. मूळ कल्पना मात्र टिकली. निर्हेतुक थरथरीला एका दिशेने अडवत नेलं की तिचा धक्का बनतो. ऊर्जा लागते ती गोळ्यांत एटीपी भरायला. एका तंतूचा जोर अगदी नगण्य असतो, काही पिकोन्यूटन. पुढच्या कडेच्या दर मायक्रोमीटरमागे असे शंभराहून अधिक तंतू एकाच वेळी रेटत असतात.

लांब आणि बारीक तंतू रेटताना वाकतो. म्हणून पुढच्या कडेला तंतू आखूड आणि फांद्या फुटलेले असतात. फांदी फोडण्याचं काम आर्प २/३ नावाचा सात प्रथिनांचा गट करतो. लॉरा माचेस्की आणि थॉमस पोलार्ड यांच्या प्रयोगशाळेला तो १९९४ मध्ये मातीतल्या एका अमीबात सापडला. जुन्या तंतूच्या कडेला तो चिकटतो आणि तिथून साधारण ७० अंशांच्या कोनात नवा तंतू उगवतो. त्याच्यावर आणखी फांद्या फुटतात. अशा दाट जाळ्याने पेशीची पुढची कड पातळ पापुद्र्यासारखी पसरते. तिची जाडी मायक्रोमीटरच्या पाचव्या भागाहूनही कमी असते.

हे सगळं खरंच असंच घडतं याचा सर्वांत खणखणीत पुरावा एका रोगजंतूने दिला. लिस्टेरिया नावाचा जीवाणू दूषित अन्नातून शरीरात येतो. गरोदर बाईला त्याचा धोका विशेष असतो, कारण तो वार ओलांडून बाळापर्यंत पोचू शकतो. लुइस टिलनी आणि डॅनियल पोर्टनॉय यांनी १९८९ मध्ये दाखवलं की आपल्या पेशीत शिरल्यावर हा जीवाणू आपलंच अ‍ॅक्टिन कामाला लावतो. त्याच्या पृष्ठभागावर एका बाजूला अ‍ॅक्ट-ए हे प्रथिन असतं. ते आर्प २/३ ला जागं करतं आणि जीवाणूच्या मागे अ‍ॅक्टिनचं शेपूट वाढू लागतं. शेपूट वाढतं तसा जीवाणू पुढे रेटला जातो, थेट शेजारच्या पेशीत घुसतो. त्यामुळे तो पेशींच्या बाहेर न येता पसरू शकतो आणि रक्तातल्या प्रतिपिंडांना त्याला गाठायची संधीच मिळत नाही.

मग १९९९ मध्ये फ्रान्समध्ये मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने पेशी पूर्णपणे वगळली. अ‍ॅक्टिन, आर्प २/३, कोफिलिनच्या कुळातलं प्रथिन, टोपीचं प्रथिन अशी शुद्ध केलेली मोजकी प्रथिनं आणि एटीपी एकत्र केले, त्यात लिस्टेरिया सोडला, आणि तो चालू लागला. प्रोफिलिन आणि आणखी एक-दोन प्रथिनं घातल्यावर चाल सुधारली. त्या मिश्रणात मायोसिन नव्हतं, म्हणजे ओढणारी कोणतीही मोटर नव्हती. नुसत्या तंतूंच्या वाढीतून रेटा निर्माण होतो, याबद्दल त्यानंतर शंका उरली नाही.

पेशीला मात्र नुसता रेटा पुरत नाही. शेवाळलेल्या दगडावर चालताना आपण जोर पुढे जाण्यासाठी लावतो आणि पाय मागे घसरतो. पेशीचंही तसंच होऊ शकतं. तंतू पटलाला रेटतात, तेव्हा पटलही तंतूंना मागे रेटतं. जमिनीवर पकड नसेल तर तंतूंचं सगळं जाळंच मागे, केंद्रकाच्या दिशेने वाहत राहतं आणि पेशी जागच्या जागी राहते. सूक्ष्मदर्शकाखाली हा मागे वाहणारा प्रवाह स्पष्ट दिसतो.

पकड देतात ती इंटिग्रिन नावाची प्रथिनं. ती पटलातून आरपार गेलेली असतात. बाहेरचं टोक भोवतालच्या कोलॅजनसारख्या धाग्यांना धरतं, आतलं टोक टॅलिन आणि इतर प्रथिनांमार्फत अ‍ॅक्टिनच्या जाळ्याला. ही साखळी जुळली की मागे वाहणारं जाळं अडतं आणि वाढीचा जोर पटल पुढे न्यायला लागतो. पकड कमी पडली तर पेशी घसरते, जास्त झाली तर मागचा भाग सुटतच नाही आणि ती अडकून बसते. पकड मध्यम असते तेव्हा वेग सर्वांत जास्त असतो, हे प्रयोगांत मोजलेलं आहे.

या पकडीचं मोल काही अभागी बाळांकडे पाहून कळतं. पांढऱ्या पेशींवरच्या इंटिग्रिनचा एक घटक जन्मतःच सदोष असणारा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. अशा बाळाची नाळ गळून पडायला फार उशीर लागतो, वारंवार संसर्ग होतात, जखमा भरत नाहीत. रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल भरपूर, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. पण जखमेत पू नसतो. पेशी आहेत, रक्तात फिरत आहेत, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून बाहेर पडता येत नाही म्हणून गरजेच्या जागी पोचत नाहीत.

पुढचं टोक सरकलं, पकडही बसली, आता मागचं अंग आणायचं. इथे मायोसिन येतं, स्नायूतल्या मायोसिनचाच भाऊबंद. अ‍ॅक्टिनच्या तंतूंना धरून तो त्यांना एकमेकांवर सरकवतो, मागचा भाग आवळला जातो आणि जुन्या पकडी सुटतात.

या सगळ्यावर देखरेख केंद्रक करत असेल, असा आपला सहज समज होतो. पण १९८४ मध्ये उर्सुला ऑयटेनॉयर आणि मानफ्रेड श्लिवा यांनी माशाच्या त्वचेतल्या पेशींचे तुकडे घेऊन पाहिलं. या पेशी चालण्यात पटाईत, न्यूट्रोफिलसारख्याच वेगवान. त्यांच्या कडेचे सुटे झालेले, केंद्रक आणि मायक्रोट्यूब्यूल दोन्ही नसलेले तुकडे अखंड पेशीसारखेच आपापले चालत राहिले. पुढची कड कोणती आणि मागची कोणती, हे त्या इवल्या तुकड्यातलं अ‍ॅक्टिन-मायोसिनच आपसांत ठरवून टिकवत होतं.

दिशा कशी कळते? जीवाणू प्रथिनं बनवतात ती फॉर्मिल नावाचा गट जोडलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लापासून सुरुवात करून. आपल्या पेशी स्वतःची प्रथिनं अशी सुरू करत नाहीत, अपवाद फक्त त्यांच्यातल्या मायटोकॉन्ड्रियांचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांचा. त्यामुळे फॉर्मिलवाले तुकडे दिसले की एक तर जीवाणू आले आहेत किंवा आपल्याच पेशी फुटून मायटोकॉन्ड्रिया बाहेर सांडले आहेत. दोन्ही ठिकाणी न्यूट्रोफिलची गरज असते. तिच्या पटलावर या तुकड्यांना ओळखून धरणारी ग्राहक-प्रथिनं असतात. पेशीच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला या रसायनाच्या प्रमाणात एक-दोन टक्क्यांचा फरक असला तरी ती दिशा ओळखते.

एवढ्याशा फरकातून ठाम निर्णय घडवणारी प्रथिनं म्हणजे रॅक, रो आणि त्यांचे नातलग. लंडनमध्ये अ‍ॅलन हॉल आणि अ‍ॅन रिडली यांनी १९९२ मध्ये दाखवलं की पेशीत रॅक जागं झालं की कडेला पापुद्रे उसळतात आणि रो जागं झालं की आकुंचन पावणाऱ्या तंतूंच्या जुड्या तयार होतात. चालणाऱ्या न्यूट्रोफिलमध्ये पुढे रॅकचं राज्य असतं, मागे रोचं, आणि दोघं एकमेकांना दाबून ठेवतात. म्हणून पुढचा भाग एकच राहतो आणि पेशी दोन्हीकडे एकदम ताणली जात नाही.

मायक्रोट्यूब्यूलबद्दल थोडंच सांगतो. त्या पेशीतल्या वाहतुकीच्या वाटा आहेत आणि मंद चालणाऱ्या मोठ्या पेशींना दिशा टिकवायला त्यांची गरज भासते. त्यांना मोडणारं एक जुनं औषध म्हणजे कोल्चिसिन. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर फुलणारी लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी आपण पाहिलेली असते. तिच्या कंदात हेच द्रव्य असतं, आणि ती वनस्पती विषारी असण्याचं हे मुख्य कारण. अगदी थोड्या, मोजलेल्या मात्रेत कोल्चिसिन गाउटच्या दुखण्यावर डॉक्टर देतात. गाउटमध्ये सांध्यात युरिक आम्लाचे स्फटिक साचतात, त्यांच्याकडे न्यूट्रोफिल धावतात आणि सांधा सुजून पेटल्यासारखा होतो. कोल्चिसिन त्यांच्या या धावपळीला आवर घालतं. परिणामकारक मात्रा आणि घातक मात्रा यांतलं अंतर कमी असल्यामुळे कंद उगाळून घेण्याचा प्रयोग कुणीही, कधीही करू नये.

सांगाडा बिघडला की काय होतं, याची एक नोंद १९३७ सालची आहे. म्युनिकमधले बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड विस्कॉट यांनी तीन भावांचं वर्णन केलं. रक्तस्राव, त्वचेवर इसब, पुन्हापुन्हा कानाचे संसर्ग. त्यांच्या बहिणी निरोगी होत्या. १९५४ मध्ये रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी दुसऱ्या एका कुटुंबावरून दाखवलं की हा आजार आईकडून मुलग्यांकडे, एक्स गुणसूत्रावरून येतो. जबाबदार जनुक १९९४ मध्ये सापडलं. त्यातून बनणारं प्रथिन रक्तपेशींमध्ये आर्प २/३ ला जागं करतं, म्हणजे लिस्टेरियाच्या अ‍ॅक्ट-ए ने ज्याची नक्कल केली तेच काम. मुलाच्या इसबाचं आणि कानातल्या पुवाचं मूळ तंतूंना फांद्या फुटण्याच्या बिघाडात निघावं, हे कळायला सहा दशकं लागली. आज योग्य दाता मिळाला तर अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाने हा आजार बरा करता येतो.

आतापर्यंतचं बरंचसं वर्णन काचेच्या सपाट पट्टीवरचं झालं. शरीरात काच नसते, तिथे धाग्यांचं दाट जंगल असतं. तिथे पेशी चाल बदलते. काही पेशी वाटेतले धागे विकरांनी कापत, घट्ट पकडी घेत हळूहळू जातात. काही पेशी काहीही न कापता, फारशी पकडही न घेता, आकार बदलत फटींतून घुसतात. काही वेळा तर मायोसिनच्या आवळण्यामुळे आतला द्रव पटलाचा फुगा बाहेर काढतो आणि पेशी त्या फुग्यात स्वतःला ओतत पुढे जाते.

कॅन्सरच्या पेशींनीही हीच कसबं उचललेली असतात. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमागे बहुतेक वेळा मूळ गाठीपेक्षा तिच्यातून निघून दुसरीकडे रुजलेल्या पेशी असतात. धागे कापणारी विकरं बंद पाडली तर हा प्रसार थांबेल, या आशेने औषधं बनली, रुग्णांवर चाचण्याही झाल्या, पण अपेक्षित फायदा दिसला नाही. त्यामागे अनेक कारणं होती. एक शक्यता पीटर फ्रीडल आणि काटारिना वोल्फ यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवली. कापायची सोय काढून घेतल्यावर काही कॅन्सरपेशी फटींतून घुसायची चाल धरतात आणि प्रवास चालूच ठेवतात. थेट अ‍ॅक्टिनवर घाव घालावा तर हृदयाचे स्नायूही त्याच्यावरच चालतात, त्यामुळे तो मार्ग बंद.

फटींतून जाताना पेशीला नडतं ते केंद्रक. बाकीचं अंग कितीही बारीक होऊ शकतं, केंद्रक ताठ असतं. न्यूट्रोफिलचं केंद्रक अनेक पाळ्यांचं आणि लवचीक असतं, म्हणून तिला अरुंद वाट जमते. कॅन्सरपेशीच्या केंद्रकाचं आवरण अशा वाटेवर कधीकधी चक्क फाटतं आणि आतला डीएनए इजा खातो. २०१६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे हे टिपलं. पेशी ते आवरण सांधते, डीएनए दुरुस्त करते आणि पुढे जाते. त्यांतल्या एका गटाने प्रयोगशाळेत सांधण्याची आणि डीएनए-दुरुस्तीची अशा दोन्ही यंत्रणा एकाच वेळी अडवल्या, तेव्हा अरुंद वाटेतून जाणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने मेल्या.